आपणहून आलेली माणसं

१६ एप्रिल १९४४, जालना

परीक्षा संपली. निकालाची धास्ती माझ्या वर्गातल्या वामनला, मला नाही. माझं काय व्हायचं ते होऊन गेलंय. सुट्टीत घरी जाऊन आंबे चापायचा बेत होता, तो जोशी मास्तरांनी मोडला. बोर्डिंगातली सहा पोरं घेऊन ते हिवरवाडीला निघालेत, अंबडच्या पुढं, गोदावरीच्या अलीकडं. तिथं बारवेच्या पायऱ्यांवर आडवी भिंत घालायची, म्हणजे कुणी पाण्यात उतरणार नाही. नारू झालेला माणूस पाण्यात पाय घालतो आणि ते पाणी पिऊन सगळ्या गावाला नारू होतो, असं मास्तरांना दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलंय. वरून पोहरा सोडून पाणी शेंदलं की झालं.

वामन पुढारी. साहजिकच आहे, त्याला बोलता येतं. मला का, तर मी पाटलाचा पोरगा, खेड्याचा माहीतगार. मास्तर म्हणाले, "भानुदास, तू आमचा दुभाषा." जसं काही हिवरवाडीत लोक पश्तू बोलतात.

खरं म्हणजे मी हो म्हणालो ते दुसऱ्याच कारणानं. लहानपणी मलाही झाला होता, डाव्या घोट्याशी. बाहेर आलेला किडा आई रोज थोडा थोडा काडीवर गुंडाळायची आणि मी गल्ली डोक्यावर घ्यायचो. हिसका बसला, नारू आत तुटला, तर पाय गेला म्हणून मला बाजेवरून उतरूच देत नव्हती. तेव्हा भिंत झालीच पाहिजे. मास्तरांना हे सांगितलं नाही, नाहीतर त्यावर एक प्रवचन झालं असतं.

१९ एप्रिल, हिवरवाडी

अंबडपर्यंत कोळशाच्या मोटारीनं. चढ आला की खाली उतरून ढकला. तहसिलीत परवानगीसाठी दुपारपर्यंत बसवून ठेवलं. पेशकारानं पुन्हा पुन्हा विचारलं, सभा नाही ना, भाषण नाही ना, झेंडा नाही ना. मास्तर म्हणाले, फक्त दगड. त्याला ते पटेना; दगडासाठी शिकलेली माणसं इतक्या लांब कशाला येतील?

तिथून बैलगाडी. उतरलो मारुतीच्या देवळात. गावचे पाटील भले दिसतात. भरदार मिशा, बोलणं हळू. तीर्थरूप आबांचं नाव सांगितल्यावर एकदम उठून उभे राहिले. "घनसावंगीकडचे आबासाहेब? मंग तुमी घरचेच की." त्यानंतर मला धाकले पाटील म्हणायला लागले. ज्वारीची भाकरी, पिठलं, वर तूप. मास्तरांनी तूप परत केलं, सेवेला आलोय म्हणून. माझ्या पानात वाढलेलं कशाला परत करायचं?

२० एप्रिल

बारव चांगली खोल आहे. तीन अंगांनी कातीव दगड, चौथ्या अंगानं पायऱ्या थेट पाण्यात. बाया गुडघाभर पाण्यात उतरून घागरी बुडवतात, तिथंच पाय चोळतात. एकीच्या पोटरीला फडकं बांधलेलं होतं. वामनला दाखवलं तर तो म्हणाला, "हेच ते, हेच!" आणि आनंदल्यासारखा दिसला.

नाल्यातून दगड वाहिले. मी सोडून कुणी आयुष्यात पाटी उचललेली नाही. दुपारपर्यंत सगळ्यांच्या तळहातांना फोड. रतनशेठ (बाजारातल्या कापडवाल्याचा पोरगा) सावलीत बसून फोड मोजत होता. असं चाललं तर भिंत दिवाळीला होईल, आणि मधे पावसाळा आहे.

संध्याकाळी चावडीसमोर वामनचं नारूवर बोलणं झालं. चांगलं बोलला. ऐकायला शेंबडी पोरं आणि एक बहिरा म्हातारा. मास्तर फार खचले. म्हणाले, "भिंत आपली नाही, गावाची आहे, हे गावाला कसं सांगावं?" मला त्यातलं एवढंच कळलं की माणसं हवीत.

मग मी पाटलांच्या ओट्यावर जाऊन बसलो. गुळाचा चहा आला. म्हणालो, थोडी माणसं लागतील. पाटील म्हणाले, "लागतात म्हना की. तुमी म्हनान तितके." मी म्हणालो दहावीस पुरेत. "उद्याचा दिवस नगं, बाजार हाय. परवापासून घ्या."

काम फत्ते. वामनच्या तासभर भाषणानं जमलं नाही ते एका चहात झालं. मास्तरांना सांगितलं नाही. म्हटलं बघू दे परवा.

२२ एप्रिल

उजाडता उजाडता माणसं हजर. धनगरवाड्याची, महारवाड्याची, दोनचार कुणब्यांचीही. पाट्या, पहारी आपापल्या. मास्तर देवळाच्या पायरीवर उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खाली उतरून प्रत्येकाला हात जोडून नमस्कार केला. महारवाड्याची माणसं दचकून मागं सरकली. वामन म्हणाला, "सर, परवा ऐकायला कुणी नव्हतं, पण शब्द पोचला." मास्तर म्हणाले, "माणूस मुळात चांगलाच असतो. आपणहून आली बघ."

 मास्तरांचं तोंड इतकं उजळलेलं होतं की मला खरं सांगवलं नाही. आणि सांगायचं तरी काय? पाटलानं सांगावा धाडला, लोक आले. गावात असंच होतं. आमच्याकडं आबा सांगावा धाडतात तेव्हाही लोक येतातच. सांगावा वेगळा आणि… जाऊ दे.

दिवसभर काम दणक्यात झालं. वामननं गाणं म्हणायला लावलं. पोरांनीच म्हटलं; माणसं खाली मान घालून दगड देत होती. जेवायच्या वेळी मास्तर म्हणाले एकत्र बसू. कुणी आपली भाकरी सोडली नाही, लांब जाऊन बसले. एका म्हाताऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "मालक, किती दिस चालंल?" मी म्हणालो सात-आठ. तो बोटांवर दिवस मोजत परत दगडांकडं गेला.

२३ एप्रिल

मी चुना आणायला गाडीनं शहागडला. चांगला मिळाला. येताना नदीत डुंबलो. पाणी थोडं, वाळू फार. वाटेत मेंढरांचे कळप नदीकडं निघालेले दिसले. या दिवसांत धनगर नदीकाठच्या रानात मेंढरं बसवतात, खतापायी शेतकरी त्यांना दाणे देतो. त्यावरच त्यांचा पावसाळा निघतो. एका कळपामागं नुसत्या बाया आणि पोरं होती. पुरुष कुठं गेले, असं मनात आलं. मग लक्षात आलं, ते आमच्या बारवेवर आहेत.

 

२४ एप्रिल

आज घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी ओळीत एक धनगर उभा. सखाराम. तिशीपस्तिशीचा, वाळका, उंच. उजव्या घोट्याला धोतऱ्याचं पान आणि फडकं. बघताच ओळखलं. फडकं सोडायला लावलं. काडी होती, काडीवर दोनतीन वेढे, बाकीचा अजून आत. अशा पायानं तो दगड वाहायला आला होता. म्हणालो, घरी जा, पड. म्हणाला, "पाटलाला इचारा." म्हणालो, मी सांगतो ना. तो हसला आणि तिथंच उभा राहिला.

पाटलांकडं गेलो. ते दात घासत होते. त्यांना ते काही मोठं वाटलं नाही. घरटी एक माणूस ठरलंय, तो गेला तर त्याची बायको येईल, एकाला सोडलं की सगळ्यांचे पाय दुखतात. बरोबरच होतं त्यांचं म्हणणं. आबांच्या तोंडून हेच शब्द मी पन्नासदा ऐकलेत, आणि आजवर त्यात काही चुकीचं आहे असं कधी वाटलं नाही.

सखारामला लिंबाच्या सावलीत खडी फोडायला बसवलं. म्हटलं, पाय हलवायचा नाही. मग मी चुना कालवायला गेलो. तेवढ्यात वामन आला. त्याला काही माहीत नव्हतं, हे खरं. त्यानं रागावून नाही, प्रेमानंच म्हटलं, दादा, सगळा गाव घाम गाळतोय, तुमच्याच लेकरांसाठी ना? सखाराम उठला. आज्ञा झाली की उठायचं, एवढंच त्याला ठाऊक. वामननं त्याला दगड घ्यायला सगळ्यात खालच्या पायरीवर उभं केलं, पाण्यात. नारू अडवायची भिंत, आणि नारूचा माणूस घोटाभर पाण्यात.

मी वरच्या पायरीवर आलो तेव्हा दगड हातोहात खाली चालला होता. तो सखारामच्या हातून निसटला आणि घोट्यावरून घासत पाण्यात गेला. तो ओरडला नाही. खाली बसला आणि पाण्यात हात घालून काडी शोधायला लागला. काडी मिळाली. तिच्यावर वेढे होते. पण पायातून बाहेर काही लोंबत नव्हतं; नारू तुटला होता, उरलेला आत ओढला गेला होता.

मी वामनला काय काय बोललो ते लिहीत नाही. तो रडला.

२५ एप्रिल

पाय मांडीपर्यंत सुजला. ताप.

सकाळी कामावर त्याची बायको हजर. गिरजा. पाटी घेऊन ओळीत उभी. मास्तरांनी तिला ओळखलं नाही. म्हणाले, बाई, तुम्ही घरी थांबा, पुरुष आहेत पुष्कळ.

ती म्हणाली, "मालक, त्यो पडूनच हाय. मंग मी आले. घरटी एक मानूस म्हन्ले ना."

मास्तर म्हणाले, "कोण म्हणाले?"

"पाटील. वेठीला."

मास्तरांना वेळ लागला. त्यांनी तो शब्द पुस्तकात वाचलाय, लेखात लिहिलाय, त्याच्यावर आम्हाला वर्गात तासभर सांगितलंय. आता तो पाटी घेऊन पुढं उभा राहिला तर त्यांना ओळखू येईना. त्यांनी ओळीतल्या एकेकाला विचारलं. तुम्ही? वेठीला. तुम्ही? वेठीला. कुणी चिडून सांगितलं नाही, नाव विचारल्यावर सांगावं तसं सांगितलं. मास्तर पायरीवर बसले.

मग पाटलांकडं गेले, मला घेऊन. पाटलांना खरंच समजेना चुकलं काय. "मास्तर, मंग मजुरी देता का? न्हाई ना. ही मानसं काय हवा खाऊन फुकट येतेत? ह्या धाकल्या पाटलांनीच सांगितलं. म्या म्हन्लं घरचं पोरगं हाय, शब्द मोडू न्हाई."

मास्तर माझ्याकडं वळले. "तुला माहीत होतं?"

मी म्हणालो, हो. मग म्हणालो, नाही. मग म्हणालो, आमच्याकडं असंच सांगतात. तिन्ही खरं होतं. ते चपला घालून एकटेच देवळाकडं निघाले. एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

२६ एप्रिल

आज जे झालं ते कुणी सांगितलं असतं तर मी खोटं म्हणालो असतो.

मास्तरांनी ठरवलं, काम फक्त आम्ही करायचं. माणसं सकाळी आली तशी त्यांनी हात जोडून सांगितलं, तुम्ही मोकळे, घरी जा. माणसं हलेनात. पाटलांचा कोतवाल बारवेच्या काठावर काठी घेऊन बसलेला. त्यांना निरोप होता की दिवस बुडेपर्यंत कामावर राहायचं. मास्तर पाटीला हात लावू देईनात, कोतवाल जाऊ देईना. तर ती सगळी माणसं दिवसभर वैशाखाच्या उन्हात नुसती उभी राहिली. आम्ही सहा पोरं आणि मास्तर फोड आलेल्या हातांनी दगड वाहतोय आणि ती बघताहेत. बसायलाही तयार नाहीत, कारण बसायचं की नाही हे कुणी सांगितलेलं नाही. गिरजाही त्यांच्यात. माझी तिच्याकडं बघायची हिंमत झाली नाही. दुपारी तो म्हातारा, ज्यानं किती दिवस म्हणून विचारलं होतं, भोवळ येऊन पडला. शुद्धीवर आल्यावर मास्तरांना म्हणाला, "मालक, काम द्या न्हाई तर सोडा. उभं नका करू."

मास्तर संध्याकाळी तापानं फणफणले.

देवळात वाद. वामनचं म्हणणं, भिंत अर्धी टाकून गेलो तर जास्त वाईट. चुन्याची माती पाण्यात, बाया भिंतीवरून उड्या मारून उतरणार, नारू आहे तसाच. चार दिवसांची वेठ आणि मग पिढ्यान् पिढ्या पाय शाबूत, यात तोटा कुणाचा? मास्तर पडल्या पडल्या म्हणाले, त्यांना विचारलंस? वामन म्हणाला, विचारलं तर ते पाटलाला विचारा म्हणतात. मास्तर कुशीवर वळले.  वामनचा राग येतो, पण तो बिलकुल खोटं बोलत नाही, हीच तर पंचाईत आहे.

२७ एप्रिल

धनगरवाड्यात गेलो. कुडाचं खोपट, वाघराच्या जाळीआड चारदोन कोकरं. बाकी कळप गिरजाचा दीर घेऊन गेलाय म्हणे, एकट्याला झेपेना, वाटेत काही मेंढरं लांडग्यानं नेली. सखाराम गोधडीवर. घोट्याला तीन ठिकाणी तोंडं फुटलीत. वास येतो.

म्हणालो, जालन्याला चला, दवाखान्यात. गिरजा म्हणाली, तिथं पाय कापतात. मी म्हणालो नाही कापणार. काय आधारावर म्हणालो कुणास ठाऊक. सखाराम डोळे मिटून होता. म्हणाला, "मालक, तुमी सांगान तर येतो."

पाटलांकडं गाडी मागितली. पहिल्यांदा तोंड फिरवलं. वेठ कायद्यानं बंद आहे हे त्यांनाही माहीत आहे. अंबडला डॉक्टर विचारील, पायाला काय झालं, कुठं झालं. म्हणाले, बैल शेतावर आहेत. बैल समोर गोठ्यात रवंथ करत होते.

घरी जातो, आबांकडं. पायी.

२८ एप्रिल, घरी, मग परतीच्या वाटेवर मुक्कामी

दुपारी पोचलो. आईनं पाय धुवायला पाणी दिलं, आंबे कापले. सगळं सांगितलं. आबा ऐकून हसले. वाईट हसले नाहीत, पोरगं शाळेत जाऊन नाजूक झालं म्हणून हसले. "धनगराच्या पायासाठी एवढं चालत आलास?" मग म्हणाले, हिवरवाडीच्या पाटलानं गाडी नाही म्हटलं हे बरोबर नाही, मागणारा आपल्या घरचा होता. त्यांना खुपलं ते एवढंच.

गाडी दिली. खिल्लारी जोडी दिली. वर म्हणाले, लक्ष्मण मांग येईल गाडी हाकायला.

लक्ष्मण मामा. लहानपणापासून मी त्याला मामा म्हणतो. त्याच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिल्यात. आमच्या गोठ्याचं छप्पर तोच शाकारतो, मोटेचे दोर तोच वळतो. आज गोठ्याच्या दारात उभा राहून त्याला विचारलं, मामा, गाडीवर यायचं काय घेशील? तो गोंधळला. आबांकडं बघितलं. म्हणाला, "घेयाचं काय, मालक. पाळी हाय माझी."

म्हणालो, मीच हाकीन. आबा म्हणाले, वेडा आहेस का, बैल तुला ओळखत नाहीत. लक्ष्मण मामाला वाटलं त्याच्या हातून काही चुकलं. तो विनवायला लागला, येतो, येतो म्हणून. शेवटी तोच घेऊन आला मला. वाटभर मी त्याच्याशी बोललो नाही. त्याला बिचाऱ्याला काय वाटलं असेल?

३० एप्रिल, अंबड

सखारामला गाडीत गवतावर घातलं. गिरजा उशाशी. निघताना धनगरवाड्यातल्या एका बाईनं मला अडवून विचारलं, भिंत झाल्यावर पाणी काढायला दोर कुणाचा, रहाट कुणाचा. मी म्हणालो, गावाचा. ती म्हणाली, "गावाचा म्हंजे पाटलाचाच की." गाडी पुढं निघाली.

मास्तर निरोपाला आले. तापानं उतरलेले, हातांना चिंध्या बांधलेल्या. सखारामच्या पायाला हात लावून नमस्कार करायला वाकले. सखारामनं पाय ओढून घेतला, आणि त्या ओढण्यानं जे दुखलं त्यानं तो पहिल्यांदा ओरडला. मास्तर तसेच वाकलेले राहिले.

अंबडच्या दवाखान्यात कंपाउंडरनं पट्टी बदलली आणि जालना म्हणाला. मोटारवाला वासामुळं घेईना. गाडीनंच जातोय. लक्ष्मण मामा आणि गिरजा आपसात बोलत असतात, बैल, पाऊस, पोरं. मी पुढं जाऊन बसलो की गप्प होतात.

२ मे, जालना

पोचलो. सखाराम अधूनमधून मेंढरांना हाका मारतो, नाव घेऊन. मेंढरांना नावं असतात हे मला माहीत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी बघितलं, वास घेतला, माझ्याकडं बघितलं. नारू तुटला कसा विचारलं. मी सांगितलं. सगळं, पाटलांचं, माझं. त्या म्हणाल्या, भिंतीची कल्पना तुमच्या गुरुजींना मीच दिली होती. मग पाय पुन्हा झाकला.

लक्ष्मण मामाला परत पाठवलं. माझं धोतर आणि होते ते पैसे त्याला दिले. घेईना. शेवटी म्हणालो, आबांचा हुकूम आहे. तेव्हा घेतले.

३ मे

वामन भेटायला आला. कालच बाकीच्यांबरोबर परतलाय. भिंत झाली. मास्तरांनी दोन दिवस एकट्यानं दगड लावले, आणि तिसऱ्या दिवशी उठताच आलं नाही. मग पाटलांनी माणसं घातली आणि पुरी करून टाकली. पाहुण्यांचं काम अर्धवट राहिलं तर गावाची अब्रू जाते. वामन म्हणाला, मी थांबवलं नाही. म्हणाला, थांबवायला हवं होतं का, सांग. मी म्हणालो, मला विचारू नकोस.

बाया आता वरून पाणी काढतात. पुढच्या उन्हाळ्यात नारू कमी होईल. होईलच, मलाही तसंच वाटतं. रहाट पाटलांनी दिलाय, कोतवाल सकाळ-संध्याकाळ सोडतो. इतर वेळी कुलूप. धनगरवाड्याची पाळी येईस्तो कुलूप लागतं, तो नाल्यात झरे खणून पितोय.

मास्तर शाळा चालवणाऱ्या संस्थेला सगळं खरं लिहिणार आहेत. हेडमास्तर म्हणताहेत, वेठीचं नाव कागदावर आलं तर तहसीलवाले चौकशी पाटलाची करणार नाहीत, शाळेची करतील. पुढल्या साली परवानगी गेली. वामन या दोघांच्या मधे निरोप्या झालाय. जाताना सखारामच्या खाटेजवळ उभा राहिला.  त्याला बोलता येत नव्हतं असं मी प्रथमच पाहिलं.

५ मे

पाय काळा पडला, गुडघ्याच्या वर चढतोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आज मांडीपासून कापला तर वाचेल, बहुतेक. उद्या सांगता येणार नाही. न कापता वाचणं कठीण. घरच्या माणसाची संमती पाहिजे.

सखारामला थोडी शुद्ध होती. त्याला समजावलं. तो म्हणाला, पाय नसला तर मेंढरामागं कोण चालणार, आणि मेंढरं नाहीत तर मी कोण. मी म्हणालो, जीव राहील. तो म्हणाला, "तुमी सांगान तसं." आणि पुन्हा ग्लानीत मेंढरांना हाका मारायला लागला.

गिरजाला विचारलं. म्हणालो, नवरा तुझा, तूच सांग. ती म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. म्हणालो, मी म्हणायचं नाही यात, माझ्या म्हणण्यानंच हे झालं. डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं, बाई, तुझ्या मनात काय आहे ते बोल. ती माझ्याकडंच बघत राहिली. हट्टानं नाही. कधी कुणी विचारलंच नाही तर मनात काय आहे हे काढायचं कुठून? आणि मी कापा म्हणालो तर तो हुकूम, नको म्हणालो तरी हुकूम. काही न बोललो तर दिवस बुडतोय.

मास्तरांना निरोप धाडला. ते तापात आहेत, बोलत नाहीत असं बोर्डिंगातून कळलं.

मघाशी नर्सबाईंनी कागद आणला, गिरजाच्या अंगठ्याला शाई लावली. तिनं अंगठा कागदावर टेकवला नाही. तो तसाच हवेत धरून ती माझी मान हलायची वाट बघत बसली आहे. मी पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर आलो आणि ओट्यावर बसून हे लिहितोय. दारातून दिसतेय. शाई वाळत चाललीय, ती अंगठा खाली घेत नाही.